धुराच्या नळीची साक्ष

दिवाळी आठ दिवसांवर आली की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : "हे टाकायचं की ठेवायचं?" माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली येतात, वर्षभर न दिसलेली पितळी भांडी उजेडात येतात, आणि दाराशी भंगारवाल्याची हातगाडी येऊन उभी राहते. घरातली गृहिणी टाकायच्या बाजूची असते, घरातले म्हातारे माणूस ठेवायच्या बाजूचे असते, आणि निकाल बहुधा भंगारवाल्याच्या तराजूवर लागतो. गेल्या दिवाळीत मात्र मी एक निकाल भंगारवाल्याच्या विरुद्ध लागलेला पाहिला. तो एका गंजलेल्या नळीविषयी होता. त्या नळीने मला पुढे वर्षभर इतके वाचायला लावले, की तिची हकीकत वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

वरसावे म्हटले की मुंबईकराला अंधेरीपलीकडचे वेसावे आणि तिथला कोळीवाडा आठवतो. आमचे वरसावे ते नव्हे. ठाण्याहून निघालेला घोडबंदरचा रस्ता जिथे मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याला येऊन मिळतो, ते हे वरसावे. पाठीशी डोंगर, पुढे वसईची खाडी. जवळच घोडबंदरचा किल्ला. तो १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. एके काळी येथे घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून 'घोडबंदर' हे नाव पडले असे सांगतात. आता घोडे गेले आणि अश्वशक्ती मोजणारी वाहने आली. खाडीवरच्या पुलावरून ती रात्रंदिवस गुजरातेकडे धावत असतात. जिथे एवढी वाहने, तिथे ती दुरुस्त करणारे हात असायचेच. नाक्याच्या आसपास पत्र्याच्या छपराखालची गॅरेजे आहेत. त्यांतल्या एका मिस्त्रींचा मुलगा माझ्या वर्गात होता. तेव्हापासून येता-जाता तिथे टेकण्याची मला सवय आहे.

त्या दिवशी मिस्त्रींच्या छपराखाली एक बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची मोटार उभी होती. तारांच्या काड्यांची चाके, पुढे उभी जाळी, दारे अर्धी कापल्यासारखी. मुंबईच्या एका गृहस्थांची ती एम.जी. होती, मिस्त्री तिला 'टीसी' म्हणत होते. इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डन गावी १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार मोटारी तयार झाल्या. इंजिन अवघे साडेबाराशे सीसीचे. पण महायुद्धानंतर स्पोर्ट्स मोटारीचे वेड साऱ्या जगाला लावण्यात या चिमुकल्या गाडीचा वाटा मोठा आहे.

गाडीखालून काढलेली धुराची नळी आणि तिचा डबा, म्हणजे सायलेन्सर, भिंतीशी टेकवून ठेवला होता. नळीला दोन ठिकाणी भोके पडली होती, डब्याचा तळ चाळणीसारखा झाला होता. दिवाळीचा फेरा मारायला आलेल्या भंगारवाल्याने ती नळी उचलून हातगाडीवर टाकली. मिस्त्री आतून ओरडले, "ए, ते खाली ठेव!"

भंगारवाला म्हणाला, "मिस्त्री, यात काय राहिलंय? निम्मं लोखंड गंजानं खाल्लंय."

"जे राहिलंय त्याचेच पैसे आहेत," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग सांगा याला. गाडी बाजारात मिळते, ही नळी मिळत नाही."

मी काय सांगणार? मला तेव्हा सायलेन्सर म्हणजे मोटारीचा आवाज कमी करणारा डबा, यापलीकडे काही ठाऊक नव्हते. पण एका जाणत्या कारागिराने कुजक्या लोखंडाची बाजू इतक्या ठामपणे घ्यावी, यात काही तरी असलेच पाहिजे असे वाटले.

प्रथम ही नळी काम काय करते ते पाहू. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलची वाफ आणि हवा पेटते, दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि जळून उरलेला वायू झडप उघडताच जोराने बाहेर पडतो. तो प्रथम ओतीव लोखंडाच्या एका फाट्याफाट्यांच्या नळात शिरतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. आपल्या हाताची बोटे जशी तळव्याला मिळतात, तशा प्रत्येक नळकांड्याकडून आलेल्या वाटा तिथे एकत्र होतात. तेथून नळी गाडीच्या पोटाखालून मागे जाते. वाटेत सायलेन्सरचा डबा लागतो. त्यात भोके पाडलेल्या नळ्या आणि आडवे पडदे असतात. त्यांवर आपटून, वळसे घेऊन वायूचा आवाज मवाळ होतो. या वाटेची लांबी, रुंदी आणि वळणे यांचा इंजिनाच्या शक्तीवर परिणाम होतो. नळी अरुंद झाली तर वायू तुंबतो आणि इंजिन धापा टाकू लागते. नको तिथे नको तसा वाक दिला तर गाडीचा स्वरच बदलतो. साध्या मोटारीत कारखानदाराचे लक्ष आवाज कमी करण्याकडे असते. स्पोर्ट्स मोटारीत मात्र तो स्वर कसा असावा याचाही विचार केलेला असतो. बासरीची लांबी आणि भोके बदलली तर ती दुसरीच बासरी होते, तसेच काहीसे हे आहे.

आता या नळीचे दुर्दैव पाहा. पेट्रोल जळते तेव्हा नुसता धूर होत नाही, पाणीही होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंडीच्या दिवसांत गाडी सुरू करताच शेपटीच्या नळीतून थेंब ठिबकतात, ते याच पाण्याचे. लांबच्या प्रवासात नळी तापते आणि वाफ उडून जाते. पण गाडी घरापासून बाजारापर्यंत नेली आणि परत आणली, तर वाफ डब्यातच थिजते. पेट्रोलमधल्या गंधकाचा अंश तिच्यात मिसळून आम्ल तयार होते आणि ते लोखंडाला आतून खाते. बाहेरून रस्त्यावरचा चिखल आणि आपल्याकडची खारी हवा खाते. म्हणजे ही बिचारी नळी दोन्ही बाजूंनी कुरतडली जाते. सरदाराच्या घरची म्हणून जपलेली, क्वचितच बाहेर निघणारी मोटारही यातून सुटत नाही. उलट उभ्या गाडीचा सायलेन्सर आधी कुजतो!

म्हणून मोटारीचा हा भाग बदलण्यासाठीच असतो असे सर्वांनी गृहीत धरले. इंजिन जपले, दिवे जपले, बॉनेटवरची मूर्ती तर देवासारखी पुसली. पण सायलेन्सर फाटला की काढून फेकून दिला. मिस्त्रींच्या बोलण्याचा उलगडा इथे होतो. जे जपले ते पुष्कळ उरले. जे कोणीच जपले नाही ते दुर्मिळ झाले. सत्तर वर्षांपूर्वीच्या मोटारीला तिचे पहिले इंजिन असणे ही भाग्याची गोष्ट आहे, पण तिच्याखाली कारखान्यातून आलेली पहिली धुराची नळी असणे हे नवलच.

आपल्याकडे हे नवल आणखी दुर्मिळ का झाले, ते समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. मुंबईत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे मोटार बाळगणाऱ्या अगदी पहिल्या हिंदी गृहस्थांपैकी. पुढे त्याच घराण्यातले जे. आर. डी. टाटा तरुणपणी बुगाटी नावाची फ्रेंच शर्यतीची मोटार मुंबईच्या रस्त्यांवरून पिटाळीत. भरधाव हाकल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांनी जॅक विकाजी नावाचे नामांकित वकील दिले. वकिलांच्या घरी जाणे-येणे सुरू झाले, त्यांची पुतणी थेल्मा हिची ओळख झाली, आणि १९३० साली दोघांचे लग्न झाले. मोटारीच्या गर्जनेने एखाद्याचा संसार जमल्याचे हे मुंबईतले उदाहरण सर्वश्रुत आहे.

पण धुराच्या नळीची खरी राजेशाही कथा मुंबईची नाही, ती इंदूरची आहे, आपल्या होळकरांची. तुकोजीराव होळकरांनी १९२६ साली गादी सोडल्यावर त्यांचे चिरंजीव यशवंतराव इंदूरच्या गादीवर आले. नव्या कलेचा त्यांना विलक्षण शौक. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी माणिकबाग हा अगदी नव्या धर्तीचा राजवाडा सजवून घेतला, आणि ब्रांकुशीसारख्या शिल्पकाराकडून शिल्पे घेतली. मोटारींतही त्यांची निवड तशीच उंची. त्यांतली सर्वांत गाजलेली मोटार म्हणजे अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग. तिचा सांगाडा आणि इंजिन अमेरिकन, वरचा देह लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडवलेला, आणि रंग केशरी व काळा. मल्हाररावांच्या वंशजाच्या मोटारीला केशरी रंग असावा हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही!

ड्यूसेनबर्ग हे फ्रेड आणि ऑगस्ट या जर्मनीत जन्मलेल्या दोघा भावांचे नाव. १९२८ च्या अखेरीस त्यांची 'जे' मोटार न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिच्या २६५ अश्वशक्तीच्या आकड्यावर लोकांचा विश्वास बसेना. आठ नळकांडी एका ओळीत, सहा लिटर नऊशे सीसीच्या घरातले इंजिन. १९३२ साली त्यांनी त्याच इंजिनाला हवा दाबून भरणारा पंखा, म्हणजे सुपरचार्जर, बसवला आणि शक्ती ३२० वर नेली. ही 'एसजे'. या नव्या यंत्राला आत जागा हवी, आणि वाढलेली उष्णता बाहेर काढायला वाट हवी. म्हणून धुराच्या नळ्या बॉनेटच्या बाजूने चक्क बाहेर काढल्या. एका बाजूला चार जाड, लवचिक वेष्टणाच्या, आरशासारख्या चमकणाऱ्या नळ्या बॉनेटमधून निघून खाली वळतात. पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी ती शोभा. पण मुळात ती शोभा नव्हती, ती निकड होती. यशवंतरावांची मोटार याच जातीची.

आणि मग जे व्हायचे ते झाले. लोकांना एसजेचा पंखा दिसत नसे, नळ्या दिसत. तेव्हा साध्या जे मोटारीच्या धन्यांनीही बाहेरच्या नळ्या मागितल्या, आणि त्या बसवूनही मिळू लागल्या. पुढे कित्येक गाड्यांना त्या मागाहून लावल्या गेल्या. सगळ्या मिळून ड्यूसेनबर्ग जे सुमारे ४८० झाल्या. त्यांतल्या खऱ्या एसजे जेमतेम तीन डझन. पण चमकत्या नळ्या मिरवणाऱ्या गाड्या त्याहून कितीतरी जास्त. १९३७ साली कंपनीच बंद पडली, आणि उरला तो नळ्यांचा वाद : कोणत्या गाडीला त्या जन्मापासून आहेत, आणि कोणीला मागाहून चढवलेला हा साज आहे?

आता वाचकांच्या ध्यानात आले असेल, की मूळ नळीची किंमत नुसत्या लोखंडाची किंवा दुर्मिळतेची नसते. ती साक्षीदाराची किंमत असते. ओतीव मॅनिफोल्डवर ओतकामाचा क्रमांक उठलेला असतो, कधी तारखेची खूणही असते. नळीच्या टोकाच्या चकतीची जाडी, तिच्या भोकांमधले अंतर, पत्र्याचा सांधा दुमडून घेतला आहे की डाग देऊन, आतला पडदा कसा बसवला आहे, या सगळ्यांवरून जाणता माणूस ओळखतो की ही नळी कुठल्या कारखान्याची आणि कोणत्या काळातली. जुन्या दस्तऐवजाची शाई, कागद आणि मोडीचे वळण पाहून आपण तो अस्सल की बनावट हे ठरवतो. तशीच ही परीक्षा. एकट्या नळीने खटला जिंकता येत नाही, पण ती खोटी निघाली तर बाकीच्या साक्षीदारांकडेही संशयाने पाहावे लागते.

होळकरांची ती मोटार आज हिंदुस्थानात नाही. संस्थाने विलीन झाली, तनखे पुढे १९७१ साली बंद झाले, आणि राजवाड्यांतल्या अनेक मोटारी परदेशांतल्या शौकिनांनी नेल्या. शेवटी सत्तरीच्या दशकात सरकारने जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. पण ज्या राहिल्या त्यांचे हालही काही कमी झाले नाहीत. ते कसे, ते मुंबईच्या उदाहरणावरून कळते.

१९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे, शिवडीला जोडले जायचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला स्वदेशी मोटारीचा पाया घातला. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की नुसती जुळवाजुळव नको, भाग इथेच तयार झाले पाहिजेत. हे धोरण न पेलल्यामुळे १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली. देशाच्या दृष्टीने त्यात शहाणपण होते; त्या धोरणातूनच आपले कारागीर आणि कारखाने उभे राहिले. पण ज्यांच्या दारात एखादी एम.जी., जग्वार किंवा बेंटली होती, त्यांना सुटे भाग मिळेनासे झाले. इंग्लंडहून सायलेन्सर मागवायचा तर परवाना, हुंडणावळ, जकात आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे.

मग आपल्या मिस्त्रींनी काय केले? त्यांनी हात चालवले. मुंबईच्या चोरबाजारात, कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात जे मिळाले ते आणले. मालमोटारीची नळी कापून मोटारीला लावली, तेलाच्या डब्याचा पत्रा वळवून सायलेन्सर बनवला, अ‍ॅम्बॅसडरचा डबा जग्वारच्या पोटाखाली बसवला. आज परदेशी तज्ज्ञ अशी गाडी पाहून कपाळाला हात लावतो. मला मात्र त्या हातांचा अभिमान वाटतो. ते नसते तर त्या गाड्या तेव्हाच भंगारात गेल्या असत्या. त्यांनी गाडी जगवली. पण जगवताना एक गोष्ट निसटली. काढलेला मूळ भाग कोणीच ठेवला नाही. तो किलोच्या भावाने गेला.

इथे एक पेच आहे. बदलत बदलत सगळेच बदलले, तर उरते ते काय? ग्रीक लोकांत थीसियस नावाच्या वीराच्या जहाजाची गोष्ट आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जपून ठेवले. फळी कुजली की नवी घालत. शेवटी पंडितांत वाद लागला की हे तेच जहाज का? आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. देवळाचा जीर्णोद्धार होतो, कळस नवा बसतो, तरी आपण देऊळ तेच म्हणतो. मूर्ती झिजली तर वज्रलेप करतात, आणि तोही करावा की नाही यावर गावोगाव खल होतो. पण मोटारीसारख्या संसारी वस्तूबाबत हा प्रश्न थेट न्यायालयात गेल्याचे उदाहरण आहे, आणि ते फार बोधप्रद आहे.

बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' म्हणून गाजलेली मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. प्रत्येक शर्यतीनंतर तिच्यात फेरफार होत गेले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती उलटून चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. नंतर तिच्यावर बंद टपाचा नवा देह चढवला गेला. अशी ही मोटार १९९० साली एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. घेणाऱ्यांनी मग हात आखडता घेतला. म्हणाले, ही ती मोटारच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे खटला चालला. तज्ज्ञांनी एकेक भाग तपासला. १९२९ च्या विजयी गाडीतले म्हणता येतील असे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. तेही नक्की तेव्हाचेच असे छातीठोकपणे सांगता येईना. तरी न्यायमूर्तींनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांचा विचार थोडक्यात असा : ही गाडी 'मूळ' म्हणजे जशी कारखान्यातून निघाली तशी नाही, पण ती 'खरी' आहे. तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही. भाग बदलले ते एकाच गाडीच्या आयुष्यात, उघडपणे बदलले, आणि त्या प्रत्येक बदलाची नोंद आहे.

मला हा निकाल वाचून मिस्त्रींची आठवण झाली. 'मूळ' आणि 'खरे' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत अंतर आहे. नवी नळी लावलेली गाडी खोटी होत नाही. नव्या नळीला जुनी म्हटले की ती खोटी होते. ड्यूसेनबर्गच्या चमकत्या नळ्यांचे दुखणे हेच : नळ्या मागाहून लावल्या यात पाप नाही, ती एसजे आहे असे सांगितले की पाप.

आपल्या सरकारलाही आता या प्रश्नात लक्ष घालावे लागले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे लोटलेली, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, देह किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा मोटार 'व्हिंटेज' ठरते. तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. ती रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींची रॅली, दुरुस्ती अशा कारणांनीच रस्त्यावर आणायची. 'मूळ रूप' हे शब्द कायद्याने वापरले, हे मोठेच झाले. पण कायदा सांगाडा आणि इंजिन पाहतो. धुराच्या नळीपर्यंत त्याची नजर जात नाही. ती नजर धन्याची आणि मिस्त्रीची असावी लागते.

आणि ही गोष्ट काही राजेरजवाड्यांच्या मोटारींपुरतीच नाही. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची ही मोटार १९७४ पासून पद्मिनी या नावाने धावू लागली, आणि या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ च्या ऑक्टोबरात झाली होती, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून कायमची गेली. किती वेळा आपण तिच्यातून प्रसूतीसाठी, परीक्षेसाठी, रेल्वे गाठण्यासाठी धावलो असू! तिच्या सायलेन्सरची ती फाटकी घरघर आपल्या कानांत बसली आहे. पण कारखान्याने बसवलेला तिचा पहिला सायलेन्सर आज दाखवा म्हटले तर कोण दाखवील? हजारो होते, म्हणून एकही ठेवावासा वाटला नाही. जग्वारचा सायलेन्सर दुर्मिळ झाला ते परदेशी म्हणून. पद्मिनीचा होईल तो आपला म्हणून. उद्या एखाद्या संग्रहालयाला मुंबईची टॅक्सी जशीच्या तशी उभी करावीशी वाटली, तर त्याला पुन्हा एखाद्या मिस्त्रींच्याच भिंतीशी जावे लागेल.

वर्षभराने, या दिवाळीच्या तोंडावर, मी पुन्हा त्या छपराखाली गेलो. एम.जी. तयार झाली होती. मिस्त्रींनी तिला नवी नळी बसवली होती. मी विचारले, "मग जुनी लावली नाहीत?"

"कशी लावणार? तिच्यातून धूर आत यायचा, माणसं मरायची," मिस्त्री म्हणाले. "पण माप तिच्यावरूनच घेतलं. तीच लांबी, तेच वाक, डब्यातले पडदेही तेवढेच. ती नसती तर मी हे अंदाजानं केलं असतं, आणि गाडी खोकली असती."

"आणि जुनी?"

त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. जुनी नळी गंज घासून, तेलाचा हात फिरवून, गोणपाटात गुंडाळली होती. तिला सुतळीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठीवर गाडीचा सांगाडा-क्रमांक, नळी काढल्याची तारीख, आणि खाली मराठीत लिहिले होते : 'हिच्या मापाने नवीन केली.' अक्षर मिस्त्रींच्या मुलाचे होते. शाळेत मी त्याला अनेकदा अक्षरावरून रागावलो आहे, पण त्या दिवशी मला ते फार सुरेख वाटले. ही नळी गाडीबरोबर धन्याच्या घरी जायची होती. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे नळीही जावी, अशी मिस्त्रींची अट होती, आणि धनी शहाणे होते, त्यांनी ती मान्य केली.

इंग्लंडच्या न्यायमूर्तींनी मोठे निकालपत्र लिहून जे सांगितले, ते वरसाव्याच्या मिस्त्रींनी पुठ्ठ्याच्या एका चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. नवे करा, ते करावेच लागते. पण जुने टाकू नका, आणि केव्हा काय बदलले ते लिहून ठेवा.

मिस्त्रींनी गाडी सुरू केली. नव्या नळीतून पहिल्यांदा थोडे पाणी ठिबकले, मग एक घोगरा, खर्जातला, पण नितळ आवाज निघाला. पलीकडे महामार्गावर मालमोटारींचा गदारोळ चालला होता, तरी तो वेगळा ऐकू येत होता. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी अ‍ॅबिंग्डनच्या फाटकातून गाडी निघाली तेव्हाचा स्वर हाच का, ते मला कसे कळणार? पण त्याच्या जवळपासचा असावा, कारण त्याचे माप खऱ्या साक्षीदारावरून घेतले होते.

घरी परतलो तेव्हा दाराशी भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. आमच्या सौभाग्यवतींनी माळ्यावरून आजीचा जुना पितळी स्टोव्ह खाली काढला होता. बर्नर गेलेला, एक पाय वाकडा. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हे टाकायचं की ठेवायचं?"

मी आत जाऊन सुतळी आणि पुठ्ठ्याचा तुकडा शोधू लागलो.